जरा भाषा बघता का

सिंगापूरच्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत लहानथोर धरून नव्वद माणसं आहेत. त्यांत सलग एक पान धड मराठी लिहू शकणारं माणूस एकच, आणि ते मी. ही बढाई नाही. वासरात लंगडी गाय शहाणी, एवढाच त्याचा अर्थ. लग्नाआधी मी नगरच्या एका शाळेत नऊ वर्षं मराठी शिकवलं, आणि त्या पुण्याईवर इथं माझ्या गळ्यात एक काम पडलंय. त्या कामाला आमच्याकडे 'भाषा बघणे' म्हणतात.

ते असं चालतं. रविवारी ज्या गृहस्थाची उपदेशाची पाळी असते, तो शनिवारी फोन करतो आणि विचारतो, "वहिनी, जरा भाषा बघता का?" मग व्हॉट्सॲपवर चार ओळी येतात, त्याही इंग्रजीत. दोन वचनांचे आकडे, एक 'लव्ह', एक 'फर्गिव्हनेस' आणि शेवटी जोडलेले हात. या चार ओळींची भाषा बघायची म्हणजे वीस मिनिटांचा उपदेश लिहून काढायचा. वर तो रोमन अक्षरांत टाइप करायचा, कारण ही सगळी इंग्रजी शाळांतून निघालेली मंडळी. माझा नवरा निशिकांत ओहोळ त्यांतलाच. पुण्याचा असून तो देवनागरीत दुकानाची पाटी वाचतो, पण परिच्छेद पुढे ठेवला की त्याला घाम फुटतो. रविवारी हे लोक फोनवर बोट सरकवत मी लिहिलेलं वाचतात, नंतर चहा घेताना लोक त्यांची पाठ थोपटतात, आणि मी कप गोळा करते.

आता तेंग्याबद्दल. बुकित बातोकच्या पलीकडे जिथं काल-परवापर्यंत नुसतं जंगल होतं, तिथं सरकारनं तेंगा नावाचं नवं गाव वसवायला घेतलं. दोन वर्षांत आमच्यातली अकरा कुटुंबं तिथं राहायला गेली, त्यांत आम्हीही. आलो तेव्हा खिडकीतून सकाळी क्रेन दिसायची, संध्याकाळी क्रेन दिसायची, आणि मध्ये धूळ. दुधासाठी बस धरावी लागे. एकदा लिफ्टबाहेर रानडुक्कर उभं होतं. निशिकांत तांजोंग पगारच्या बँकेतल्या सहकाऱ्यांना फोनवर सांगायचा, "वी आर पायोनियर्स, मॅन." हा पायोनियर सकाळी साडेसातला बसमध्ये बसे आणि रात्री आठला परत येई. डासांशी आणि कॉन्ट्रॅक्टरशी लढायला मी होते.

आमची मूळ मंडळी क्वीन्सटाउनला, एका चिनी चर्चच्या हॉलमध्ये दर रविवारी चार वाजता भरते. तेंग्याहून तिथं जायला सव्वा तास. म्हातारी माणसं गळायला लागली, तेव्हा मंडळीचे सर्वांत जुने वडील, म्हणजे एल्डर, बाबाजी कांबळे यांनी ठरवलं की तेंग्याची वेगळी उपासना सुरू करावी आणि तिला स्वतःचा वडील निवडावा. पाळक, म्हणजे पाद्री, आम्हाला वर्षातून दोनदा भारतातून येतो, तेवढाच. बाकी वर्षभर उपदेश करणं, नव्या घरात प्रार्थना करणं, आजाऱ्याला भेटणं आणि कुणी गेलं तर शेवटचे शब्द बोलणं, हे वडिलाचं काम.

मला वडील व्हायचं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला मी साधीभोळी वाटायला नको. आणि का होऊ नये? या अकरापैकी नऊ घरांची चावी मिळाली त्या दिवशी तिथं प्रार्थना मी केली होती, कारण पुरुष ऑफिसात होते. प्रकाश शिरसाठच्या आईला घेऊन रात्रभर हॉस्पिटलात मी आणि अनुजा लोंढे बसलो. अनुजा मिरजेची नर्स, बुकित बातोकला भाड्याच्या खोलीत राहते. पुढे त्या आजी गेल्या तेव्हा इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, खुर्च्या मांडून, शेवटचे शब्दही मीच बोलले, कारण बाबाजी काकांची टॅक्सी रस्त्यात अडकली होती. ते आले, डोळे मिटून एक 'आमेन' म्हणाले, आणि मंडळीच्या वार्षिक अहवालात 'अंत्यविधी बाबाजी कांबळे यांनी चालवला' असं छापून आलं. अहवालाची भाषा मीच बघितली होती.

तर वडील निवडायचा म्हणून दोन नावं पुढे आली. एक निशिकांत. दुसरा श्रीनिवास भिंगारदिवे. श्रीनिवास आधी जहाजावर इंजिनिअर होता, आता जहाजं तपासतो. आयुष्यभर इंजिनाच्या वर आवाज काढायची सवय, त्यामुळे 'सलाम' म्हणाला तरी माणूस दचकतो. दोघांनी एकेका रविवारी ट्रायल उपदेश द्यायचा, लोकांनी एका फॉर्मवर मार्क द्यायचे, मग सभेत मतं. फॉर्म अर्थातच निशिकांतनं बनवला. त्यात 'आत्मिकता' या रकान्याला दहापैकी मार्क होते. देवाच्या आत्म्याला दहापैकी मार्क देणारी जगात आमचीच मंडळी असेल.

निशिकांतला मी बारा हेरांची गोष्ट लिहून दिली. नवा देश बघायला बारा जण जातात, दहा घाबरून परततात, दोघं म्हणतात चला. तेंग्याला साजेशी. लिहून झालं त्याच आठवड्यात श्रीनिवास दुपारी दारात उभा. हातात क्षिप्रानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, केलेल्या शंकरपाळ्यांचा डबा.

"वहिनी, जरा भाषा बघता का," तो म्हणाला. "आणि निशीला कळू देऊ नका हं."

त्याच्या चार ओळींत 'पॉल, शिप, स्टॉर्म, फेथ' एवढं होतं. मी हो म्हटलं. का म्हटलं, याचा विचार मी पुष्कळ केलाय. शंकरपाळ्यांसाठी नक्की नाही. मला बघायचं होतं, माझे शब्द कोणाच्या तोंडी बरे दिसतात. आणि खरं सांगायचं तर पौलाचं गलबत फुटतं तो उपदेश मी निशिकांतच्या उपदेशापेक्षा मन लावून लिहिला. फळ्या धरून किनाऱ्याला लागलेली माणसं लिहिताना मला तेंग्यातले ते पहिले दिवस आठवत होते, आणि दोन वेळा रडू आलं.

दोन्ही रविवार आमच्या घरी पार पडले. निशिकांतनं हेरांची गोष्ट मीटिंगचा अजेंडा वाचावा तशी वाचली. आमची ईशा पंधरा वर्षांची आहे, ती माझ्या कानाशी म्हणाली, "पा साउंड्स लाइक एमआरटी अनाउन्समेंट, लाह." एमआरटी म्हणजे इथली मेट्रो. श्रीनिवासनं पौलाचं वादळ एवढ्या मोठ्यानं वाचलं की शेजारच्यांनी दार ठोठावलं. भाषेच्या रकान्यात दोघांनाही साडेनऊ मिळाले. चहाच्या वेळी लोक दोन तट पडून भांडत होते, कोणाचं मराठी जास्त अस्सल. प्रकाश म्हणाला, निशिकांतचं मराठी पुणेरी आहे. क्षिप्रा म्हणाली, श्रीनिवासच्या मराठीला मातीचा वास आहे. मी माझ्याच दोन हातांची कुस्ती बघत उभी होते. बाबाजी काका गहिवरून म्हणाले, आजकाल असं मराठी बोलतं कोण. त्यांना उत्तर द्यायला माझी जीभ शिवशिवत होती.

निवडीची सभा आमच्याच घरी भरली. नियम असा की कुटुंब एक, मत एक, आणि मत कुटुंबप्रमुखाचं. म्हणजे माझ्या घरात, माझ्या सोफ्यावर, मला मत नव्हतं. अनुजाला तर कुटुंबच नव्हतं. मी सचिव, म्हणून वही घेऊन इतिवृत्त लिहायला बसले होते.

बाबाजी काकांनी दोन नावं वाचली आणि आणखी कुणाचं नाव सुचवायचं आहे का, असं विचारलं. विचारायची पद्धत आहे, म्हणून विचारलं. तेव्हा मागच्या खुर्चीवरून अनुजा उठली. ड्युटीवरून थेट आली होती, अंगात अजून युनिफॉर्म होता.

"सुलेखावहिनींचं नाव का नाही?" ती म्हणाली. "वडिलाचं सगळं काम त्याच तर करतात."

ती सुलेखा मीच. मी लिहायचं थांबवलं. मग बाबाजी काका मायेनं हसले आणि म्हणाले, बहिणींसाठी आपलं महिला मंडळ आहे की. त्यावर श्रीनिवास हसला. मी निशिकांतकडे बघितलं. त्या खोलीत इतरांना थोडंफार ठाऊक असेल, पण त्याला सगळं ठाऊक होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातल्या बारा वर्षांतला त्याचा एकूणएक उपदेश माझा. त्याला फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

"अहो, ती तर मलाच चालवते," तो म्हणाला. "मंडळी कशाला?"

सगळे पोट धरून हसले. अनुजा खाली बसली. मी वहीत लिहिलं, 'श्रीमती लोंढे यांनी एक सूचना मांडली. ती हसण्यावारी नेण्यात आली.' बाबाजी काकांनी चष्म्यातून वाचलं आणि ते म्हणाले, हे कशाला लिहायचं, उगाच वाईट दिसतं. मी ते वाक्य खोडलं. मतं मोजली, सहा विरुद्ध पाच, आणि निशिकांत ओहोळ तेंग्याच्या मंडळीचा पहिला वडील झाला.

पाहुणे गेल्यावर मी कप विसळत होते. तो मागं येऊन उभा राहिला आणि मी नाराज आहे का, असं त्यानं विचारलं. नवरे हे विचारतात तेव्हा त्यांना उत्तर नको असतं, पावती हवी असते.

"अनुजा बोलली तेव्हा तू का नाही बोललास?" मी म्हटलं.

"अगं, लोकांना किती ऑकवर्ड झालं असतं," तो म्हणाला. "आणि काय फरक पडतो? मी झालो काय, तू झालीस काय. वी आर अ टीम."

टीम. बैल आणि गाडीवान यांचीही टीमच असते. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही. त्याच्याही पलीकडचं काहीतरी आलं. बारा वर्षं ज्याच्या तोंडात मी घास भरवला, त्याला घास कुठून येतो याची कधी लाज वाटली नाही, भूकही नाही. आणि मी? मी तो चावून भरवत होते. त्याची कीव करावी तर माझीही करायला हवी.

क्वीन्सटाउनच्या हॉलमध्ये त्याचा समर्पणविधी ठरला. सगळ्या मंडळीसमोर बाबाजी काका त्याच्या डोक्यावर हात ठेवणार आणि मग नवा वडील पहिला उपदेश करणार. शुक्रवारी निशिकांतनं फोनवर एक शब्द पाठवला, 'मोझेस'. आणि जोडलेले हात.

निशिकांतची एक सवय मला पक्की माहीत होती. तो उपदेश आधी वाचत नाही. बँकेत तो दुसऱ्यांच्या कागदातली स्वल्पविरामाची चूक काढतो, पण देवाचं वचन थेट माईकपाशी उघडतो. मी शनिवारी दुपारी बसले आणि मोशेवर उपदेश लिहिला. नेहमीसारखाच, रोमन अक्षरांत, एकाही शब्दात फसवणूक न करता. लिहिताना मला भीती वाटली नाही. उलट बऱ्याच वर्षांनी शाळेच्या फळ्यासमोर उभं असल्यासारखं वाटलं.

रविवारी हॉल भरला होता. बाबाजी काकांनी हात ठेवले, सगळ्यांनी भजन म्हटलं, आणि निशिकांतनं नव्या कोटाच्या खिशातून फोन काढला. मोशे देवाला म्हणाला, मी जड जिभेचा आहे, मला बोलता येत नाही. म्हणून देवानं त्याच्या बाजूला अहरोन दिला. मोशे उभा राहायचा आणि अहरोन बोलायचा. इथपर्यंत तो त्याच्या त्या अनाउन्समेंटच्या आवाजात आला. पुढेही त्याच आवाजात वाचत गेला.

"मलाही देवानं अहरोन दिला. ती माझी बायको. आजवर मी तुमच्यापुढे जे बोललो, त्यातला एकही शब्द माझा नव्हता. हेरांचा उपदेश सुलेखानं लिहिला. भिंगारदिव्यांचं पौलाचं गलबतही तिनंच लिहिलं. तुम्ही दोघांत निवड केलीत, पण दोघंही एकाच बाईच्या तोंडानं बोलत होते. मग तुम्ही तिलाच का निवडलं नाही?"

शेवटच्या प्रश्नचिन्हापाशी तो थांबला. वाचलेल्याचा अर्थ त्याच्या डोक्यात पोचायला तेवढा वेळ लागला. त्याचा चेहरा पांढरा पडला. मी मान खाली घातली नाही. आता कुणीतरी उठेल, मला वाटलं. काय वाटेल ते होवो, पण आता हे झाकता येणार नाही.

कुणीतरी उठलं खरं. श्रीनिवास. घाम पुसत, आख्ख्या इंजिनरूमला ऐकू जाईल अशा आवाजात तो ओरडला, "आमेन!" त्याला दुसरा मार्गच नव्हता. मग क्षिप्रा म्हणाली आमेन. मग प्रकाश. मग सगळा हॉल. निशिकांतनं इकडं तिकडं बघितलं, त्याच्या गालांवर रंग परत आला, आणि त्यानं नम्रपणे डोळे मिटले. तो नम्रपणा मी लिहून दिलेला नव्हता. एवढ्या वर्षांत त्याचं स्वतःचं म्हणावं असं पहिलंच काही.

नंतर चहाला त्याच्याभोवती ही गर्दी. लोक म्हणत होते, काय हा माणूस, पहिल्याच दिवशी सगळं श्रेय बायकोला देऊन टाकलं. वर प्रतिस्पर्ध्यालाही त्यात ओढून मोठं केलं. किती सुंदर दृष्टांत. दृष्टांत म्हणे. शंभर टक्के खरं सांगितलं तर या लोकांना ते दृष्टांत वाटतं. बाबाजी काका माझ्याकडे आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते.

"नशीबवान आहात, बाई," ते म्हणाले. "असा नम्र नवरा मिळाला."

"बाबाजी काका, ते खरं आहे," मी म्हटलं. "सगळे उपदेश मीच लिहिले. आजचाही."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग शेजारच्याला म्हणाले, बघा, नवऱ्याचा शब्द कसा राखतेय. मी त्यांच्या हातातला रिकामा कप घेतला. त्या नव्वद माणसांत एकटी अनुजा माझ्याकडे बघत होती. ती जवळ आली, माझ्या हातातले कप तिनं काढून घेतले आणि मला खुर्चीवर बसवलं.

परतीच्या बसमध्ये निशिकांत अर्धा रस्ता खिडकीबाहेर बघत बसला. मला वाटलं आता भांडेल. तो भांडला असता तर मला आवडलं असतं. बुकित बातोकच्या पुढे तो म्हणाला, आधी मला धक्काच बसला, पण तू फार विचार करून लिहिलं होतंस, आता कळलं. त्याला काय कळलं ते मी विचारलं नाही. घरी पोचेपर्यंत त्याच्या फोनवर चाळीस अभिनंदनं येऊन पडली होती, आणि झोपायच्या आधी तो ती दुसऱ्यांदा वाचत होता.

पुढचा रविवार तेंग्यात, आमच्या घरातल्या हॉलमध्ये. शुक्रवारी संध्याकाळी तो सोफ्यावर फोन बघत बसला होता. वर न बघता म्हणाला, "या वेळी पण तसंच काहीतरी दे ना. लोकांना नम्रता आवडली."

"देते," मी म्हटलं. "पण या वेळी देवनागरीत लिहीन. हातानं."

"ओके, थँक्स," तो म्हणाला. त्यानं ऐकलंच नव्हतं.

शनिवारी मी जुना शाईचा पेन काढला आणि चार पानं लिहिली. चौथीच्या मुलांना फळ्यावर गिरवून द्यायचे तशा घोटीव अक्षरात, एक शब्द न खोडता. विषय सोपा होता, आणि उपदेश चांगला उतरला, माझ्या सगळ्या उपदेशांत चांगला. त्यात नम्रता कुठंच नव्हती. रविवारी सकाळी मी पानांची घडी करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानं वरून खिसा थोपटला आणि केस विंचरायला गेला.

मी अनुजाला फोन करून लवकर यायला सांगितलं. चहा तिलाही करायचा नाही आणि मलाही नाही, असं सांगितलं. नेहमी मी किचनच्या दाराशी, शेवटच्या खुर्चीवर बसते. आज त्याच्या समोर, पहिल्या रांगेत बसायचं ठरवलं. तो पहिल्या ओळीतच अडेल. माझ्याकडे बघेल. मी नुसती बघत राहीन. नुसत्या डोळ्यांनी बोलावलेलं मला आता कळत नाही. सगळ्यांसमोर, मोठ्यानं, नाव घेऊन त्याला हाक मारावी लागेल, आणि हे कोणी लिहिलंय ते सांगावं लागेल. मग मी उठेन आणि माझी पानं घेईन.

आणि नाहीच मारली हाक, तर तेही नोंदवलं जाईल. या वेळी खोडणार नाही. इतिवृत्त मी लिहिते.